खारेपाटातली भातशेती: बियाण्याआधी उघाडी, लावणीआधी मीठ

पेण, वडखळ, पोयनाड या बाजारगावांच्या भोवतीचा खारेपाट ही खाडीकडून काढून घेतलेली जमीन आहे. धरमतर खाडी आणि तिच्या फाट्यांच्या कडेने बांध घातले, आतला चिखल वर्षानुवर्षे पावसाने धुतला आणि मग तिथे भात उभा राहिला. शहापूर-धेरंडची खाचरं घ्या, नाहीतर पेणकडच्या वाशी-दादरची, मोठ्या भरतीचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा उंच असतं. माळावरच्या शेतकऱ्याला मृग लागताना बियाण्याची काळजी असते. खारेपाटात बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार, धड नसेल, तर कितीही चांगलं बी आणलं तरी एका रात्रीत जातं. म्हणून हा सल्ला मेच्या मध्यावर, बांधावरून सुरू होतो.

बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध: मे महिन्याची फेरी

बांधाची पाहणी ओहोटीला करून भागत नाही. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरच्या दोन दिवसांत, भरती शिगेला असताना, बांधाच्या आतल्या पायथ्याने चालत जा. माती ओली दिसेल तिथे खुंटी ठोका. पाणी झिरपत असेल तर ते ओंजळीत घेऊन बघा. स्वच्छ पाणी म्हणजे नुसता पाझर, त्याची डागडुजी आठवड्याने केली तरी चालेल. पाणी गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे. तिथे पोकळी होते आणि पुढच्या उधाणाला तिथेच खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. गढूळ पाण्याची जागा त्याच ओहोटीला हाती घ्यावी.

खांडींचं मूळ बहुतेक वेळा चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळात असतं. बिळाच्या तोंडात चार घमेली माती कोंबली की काम झालं असं वाटतं, पण बीळ आत तसंच राहतं आणि चिंबोरी शेजारून दुसरं तोंड काढते. बिळाच्या वाटेने निदान दीड फूट खोदत जा, फांद्या फुटल्या असतील तर त्याही उघड्या करा. मग चिकट, किंचित ओली माती वीतभर जाडीच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. सुकी ढेकळं वापरू नका, त्यांच्यामधल्या फटीतून पाणी जातं. खाडीतला ताजा काळा गाळही एकट्याने वापरू नये, कारण तो सुकताना आकसतो आणि त्याला बोटभर रुंद भेगा पडतात. माती बांधाच्या आतल्या बाजूने, पण पायथ्यापासून निदान दहा-पंधरा फूट सोडून काढावी. पायथ्याशीच खड्डा मारला तर बांध त्या खड्ड्यात बसतो.

बांधाचा माथा गेल्या वर्षीच्या सर्वांत उंच उधाणाच्या खुणेपेक्षा हातभर तरी वर हवा. गुरांच्या आणि मोटारसायकलींच्या वाटेने माथा मध्येच दबलेला असतो. पाणी आधी तिथूनच ओलांडतं, म्हणून एवढ्या जागा आधी भरून घ्या.

बांधाबाहेरची तिवरं तशीच राहू द्या. लाटांचा मार बांधाआधी तीच खातात आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडायला बंदीही आहे. याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. खांड बुजवायची राहिली की आतल्या शेतात दोन-तीन पावसाळ्यांत तिवरं रुजतात. मग ती काढता येत नाहीत आणि जमीन नांगराखालून कायमची जाते. खारेपाटात कितीतरी एकर अशी गेली आहे. पडलेली खांड त्याच वर्षी बुजवण्यासाठी गावकीने जीव तोडून प्रयत्न करावा, त्यामागचं हेच कारण. महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम 1979 खाली सरकारी आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या योजना असतात. आपली कोणती आहे हे मे महिन्यातच विचारून ठेवा. सरकारी असेल तर दुरुस्तीची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी द्या, खासगी असेल तर वर्गणी आणि माणसं आत्ताच ठरवा.

उघाडी

उघाडीची झडप खाडीच्या बाजूला, वरच्या बिजागरीवर लोंबती असते. बाहेर भरती चढली की पाणी तिला दाबून बंद करतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. यंत्रणा साधीच आहे, त्यामुळे बिघाडही साधेच असतात, आणि नेमके म्हणूनच ते दुर्लक्षित राहतात.

पहिला बिघाड उंबरठ्यावरचा. झडप जिथे टेकते तिथे फांदी, दगड, प्लास्टिकची गोणी अडकली की दोन बोटांची फट राहते. एका भरतीला तीन-चार तास त्या फटीतून खारं पाणी आत येतं आणि सकाळी शेताच्या कोपऱ्यात रोपं पिवळी दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. दुसरा बिजागरीचा: गंजलेली बिजागरी झडपेला पूर्ण पडू देत नाही. ओहोटीला झडप हाताने उचलून सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली येऊन चौकटीला सपाट टेकली पाहिजे. टेकत नसेल तर बिजागरी खरवडून ग्रीस भरा, लाकडी झडपेची फुगलेली कड रंध्याने उतरवा आणि चौकटीला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी ठोका. तिसरा बिघाड बाहेरच्या नाळीचा. उघाडीच्या तोंडापासून खाडीपर्यंतची नाळ गाळाने उंबरठ्याच्या वर आली, की झडप कितीही चांगली असली तरी पाणी निघत नाही. नाळ पावसाआधीच उपसा, जूननंतर त्या चिखलात माणूस उभा राहू शकत नाही.

चौथी गोष्ट बोलायला अवघड, पण बोललीच पाहिजे. आत मासळी यावी म्हणून झडपेखाली लाकूड घालून ती उघडी ठेवली जाते. मासे मिळतात, पण त्या लाकडाने पन्नास जणांच्या खाचरात मीठ येतं. पावसाळ्यापुरती उघाडीची जबाबदारी गावाने एका ठरलेल्या माणसाकडे द्यावी आणि त्याला त्याचा मोबदलाही द्यावा. जाळं लावायचंच असेल तर पाणी बाहेर जाताना, आतल्या बाजूला लावा.

पाणी कधी सोडायचं: तिथीचा हिशेब

पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, भरती शिगेला पोचण्याची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा आहे. खाडीच्या आत जसजसं जावं तशी भरती उशिरा येते. आपल्या उघाडीवर चार दिवस घड्याळ लावून हा फरक एकदा मोजला की तो दरवर्षी उपयोगी पडतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुढची भरती पहिलीनंतर सुमारे साडेबारा तासांनी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते.

भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते म्हणून ते दिवस सुरक्षित वाटतात. पण तेव्हा ओहोटीही पुरती उतरत नाही, त्यामुळे शेतातलं पाणी रेंगाळत निघतं. उधाणाला भरती भीतीदायक असते, पण तिच्या मागोमाग येणारी ओहोटी खोल जाते आणि शेत झपाट्याने रिकामं होतं. उघाडी घट्ट बसत असेल तर मीठ धुतलेलं पाणी बाहेर काढायला अमावस्या-पौर्णिमेची ओहोटी सर्वांत चांगली. तिचे तास पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येतात. भरतीच्या तक्त्यात जून ते सप्टेंबरमधले 4.5 मीटरच्या वरचे दिवस दिनदर्शिकेवर लाल पेनाने गोल करून ठेवा. त्या दिवशी जोराचा पाऊस आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र आले तर पाणी तक्त्यापेक्षाही वर चढतं. आतलं पाणी मात्र झडप बंद असल्याने तुंबतं. त्या रात्री बांधावर माणसं हवीत.

लावणीआधी मीठ काढा

पाऊस थांबल्यावर जमिनीखालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, सुकतं आणि मीठ माथ्यावर सोडून जातं. एप्रिल-मेमध्ये पांढरी पापडी दिसते ती यामुळे. पांढरी नसली तरी एक खूण बघा: पहाटे शेताचा काही भाग ओलसर, तेलकट काळा दिसतो आणि ऊन चढल्यावर सुकतो. तिथे हवेतला ओलावा ओढून घेणारे क्षार साचलेले असतात.

भाताचं मिठाशी नातं वयाप्रमाणे बदलतं. उगवताना आणि फुटवे येताना ते बऱ्यापैकी सोसतं. कोवळं रोप असताना आणि निसवताना (लोंबी बाहेर पडताना)-फुलोऱ्यात अजिबात सोसत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं, 7 च्या आसपास ते निम्म्यावर येतं. समुद्राचं पाणी 50 च्या घरात असतं. त्यामुळे खारसहनशील वाण म्हणजे खारं पाणी पिणारा वाण, असा अर्थ कुणी घेऊ नये.

मीठ काढायची रीत अशी. शेत कोरडं नांगरलेलं, ढेकळांचं ठेवा. बांधबंदिस्ती वीत-दीड वीत उंच करा आणि मोऱ्या बुजवा. मृगाचा पहिला चांगला पाऊस शेतात साचू द्या, चार-सहा इंच. ते पाणी भेगांतून आणि ढेकळांमधून खाली जातं, मीठ विरघळवतं. दोन-तीन दिवसांनी ओहोटीला मोरी उघडून सगळं पाणी काढा, पुन्हा साठवा, पुन्हा काढा. दोन ते तीन वेळा हे व्हायला हवं.

सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. पाऊस पडला, ट्रॅक्टर रिकामा मिळाला, लगेच चिखलणी केली. चिखलणीने चिकणमातीची छिद्रं बुजतात, पाणी खाली जायचं थांबतं आणि मीठ मुळांच्या थरातच कोंडलं जातं. आधी धुवा, चिखलणी लावणीच्या तोंडावर.

पुरेसं धुतलं की नाही हे पेनाएवढ्या क्षारतामापकाने घरीच कळतं. शेतात पायाने चिखल ढवळा, ते पाणी बाटलीत भरा, तासभर निवळू द्या आणि वरचं पाणी मोजा. 2 डेसिसायमनच्या खाली आलं की लावणी करा. मीटर पीपीएममध्ये दाखवत असेल तर साधारण 1300 च्या खाली. शेताच्या मध्यात एकच नमुना घेऊन थांबू नका. बाहेरकाठ्याकडचा आणि सखल कोपरा वेगळा मोजा, तिथला आकडा कित्येकदा दुप्पट असतो. तेवढा कोपरा शेवटी लावा.

जिप्समबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ते चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे सामू 8.5 च्या वर असतो आणि मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. खाडीकाठची जमीन बहुतेक ठिकाणी नुसती खारी असते, तिला गोडं पाणी आणि निचरा लागतो. माती परीक्षणात विनिमययोग्य सोडियम जास्त आल्याशिवाय जिप्समवर पैसे घालू नका.

बी आणि रोप

खारेपाटासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 हे वाण आहेत. ट्रॉम्बे कोकण खारा हा त्यानंतरचा. गोव्याच्या खाजणात, म्हणजे तिथल्या खाऱ्या बांधशेतीत, कोरगुट टिकून आहे, तसे आपल्याकडे राता, भुरा राता हे लाल तांदळाचे जुने वाण. उत्पन्न कमी, पण उधाणाच्या तोंडच्या खाचरात तेच भरवशाचे. सगळ्या शेतात एकच वाण न घेता बांधाकडच्या पट्ट्यात राता आणि आत सुधारित वाण अशी वाटणी शहाणपणाची.

बी 3 टक्के मिठाच्या पाण्यात टाका, 10 लिटरला 300 ग्रॅम. तरंगलेलं पोचट बी काढा, खाली बसलेलं गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा. मग किलोला 3 ग्रॅम थायरम चोळा. पेरणीच्या आधी ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू, किलोला 25-25 ग्रॅम.

रोपवाटिका खाचरात नको, गोड्या जमिनीवर करा. गावाजवळचं उंच शेत किंवा माळाकडची जागा भाड्याने घेतली तरी ते परवडतं. एका एकराला 25 किलो बी आणि पाच गुंठे. विरळ पेरलं तरच रोप जाड होतं. गादीवाफे मीटरभर रुंद, चार बोटं उंच. बोअरवेलचं पाणी देणार असाल तर तेही आधी मोजा. पंधराव्या दिवशी गुंठ्याला किलोभर युरिया.

लावणी आणि खत

गोड्या जमिनीत 21-25 दिवसांचं रोप लावतात, खारीत 30-35 दिवसांचं लावा. मोठं रोप मीठही सोसतं आणि चिंबोरीच्या कात्रीतूनही वाचतं. एका चुडात चार-पाच रोपं, अंतर 15 बाय 15 सेंटिमीटर. पाचपैकी दोन गेली तरी चूड उभा राहतो. आठव्या-दहाव्या दिवशी नांग्या, म्हणजे रोपं मेलेल्या जागा, भरा, त्यासाठी प्रत्येक खाचराच्या कोपऱ्यात दोन-चार मुठी राखून ठेवा.

एकरी 40 किलो नत्र, म्हणजे सुमारे 87 किलो युरिया: 35 किलो लावणीला, 35 फुटव्यांच्या वेळी, उरलेला पोटरीच्या (लोंबी पोटात धरण्याच्या) आधी. सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो, सगळं चिखलणीला. पोटॅश माती परीक्षण बघूनच द्या. सागरी चिकणमातीत ते बहुधा पुरेसं असतं आणि म्युरेट ऑफ पोटॅश हेही एक क्लोराइडचं मीठच आहे. युरिया टाकताना पाणी बोटभर ठेवा आणि दोन दिवस मोरी बंद ठेवा, नाहीतर खत ओहोटीबरोबर खाडीत जातं. पानांवर तांबूस ठिपके येऊन रोप खुंटलं तर ते खैरा रोगाचं, म्हणजे जस्ताच्या कमतरतेचं लक्षण. एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या.

चिंबोऱ्यांसाठी विषारी आमिष टाळा. शेजारच्या तळ्यात जिताडा मासा असेल तर ते विष तिथे पोचतं.

जुलैत चार-सहा दिवसांची उघडीप पडली तर मोऱ्या बंद करून दोन इंच गोडं पाणी धरून ठेवा. शेत सुकलं, भेगा पडल्या, की खालचं मीठ पुन्हा वर येतं.

खांड गेलीच तर

पहिल्या ओहोटीला पाणी काढणं हेच काम. उघाडी पुरत नसेल तर आतले बांध फोडून उघाडीकडे वाट द्या. खांडीवर वाळूच्या गोण्या ओहोटीच्या तळाला रचायला घ्या, दोन्ही काठांकडून मध्याकडे. नुसत्या मातीने भरलेली खांड पुढच्या भरतीला धुऊन निघते. बाहेरून लाकडी मेखांची ओळ, तिच्यामागे गोण्या, त्यामागे ठोकलेली चिकणमाती असा क्रम ठेवा. आतल्या पायथ्याशी पाणी उसळत असेल तर ते दाबून बुजवू नका, दुसरीकडून फुटेल. त्याभोवती गोण्यांचं कडं करून आत पाणी चढू द्या म्हणजे दाब सारखा होतो.

पाणी निघाल्यावर शेत सुकू देऊ नका. पावसाचं पाणी साठवा, ओहोटीला काढा, मीटरने मोजत राहा. पाच-सात दिवसांनी चूड उपटून बघा: मुळं पांढरी आणि मधलं पान हिरवं असेल तर पीक उठतं. तोवर युरिया टाकू नका, सुकलेल्या मुळांना तोही मिठासारखाच लागतो. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली असतील तर वाट बघण्यात दिवस जातात. पुष्य नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे जुलैअखेर, हळवं (लवकर पिकणारं) बी मोड आणून रहू पद्धतीने फेकता येतं, एकरी 30-35 किलो. यासाठी बियाण्याचा तिसरा हिस्सा आधीच घरात राखलेला हवा, ऐनवेळी बाजारात खाऱ्या जमिनीचं बी मिळत नाही. फोटो आणि तारीख नोंदवा आणि तलाठी, कृषी सहायक यांच्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी लगेच द्या. पाणी ओसरल्यावर नुकसान दिसत नाही.

उत्तरा-हस्त आणि कापणीनंतर

सप्टेंबरअखेर पाऊस ओढ घेतो आणि त्याच वेळी भात निसवतो. मिठाचा दुसरा मार इथे बसतो. लोंब्या बाहेरून चांगल्या दिसतात, आत पळंज, म्हणजे दाणाच नसतो. म्हणून उत्तरा नक्षत्रातला पाऊस उघाडीतून सोडून न देता आतल्या ओहोळांत आणि शेततळ्यांत धरून ठेवा आणि फुलोरा संपेपर्यंत शेतात दोन इंच पाणी ठेवा. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी काढा.

कापणी झाली की मातीत ओल असतानाच नांगर घाला. उलथलेल्या ढेकळांमुळे खालून वर येणारी पाण्याची धार तुटते. शक्य तिथे पेंढा पसरा, गुरांना लागत असेल तर निदान बांधाकडच्या खाऱ्या पट्ट्यावर तरी. डिसेंबरनंतर मासळीसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी खारं पाणी आत घेऊ नका. जूनमधली एक जास्तीची धुणी त्याची किंमत असते. आणि या वर्षी सर्वांत उंच उधाण उघाडीच्या दगडी भिंतीवर जिथवर चढलं, तिथे तारखेसह तेलरंगाने रेघ मारून ठेवा, म्हणजे मेमध्ये माथा कुठवर भरायचा ते मोजता येईल.